पुडिंगच्या तांदळाचा पिंड

डेनिस, तुझा विषय निघाला की मी उठून घर तापवणारा बॉयलर बघायला जातो. टीव्हीवर तुझं नाव आलं, पेपरात फोटो आला, कुणी नुसतं विचारलं, ‘तो वादग्रस्त दिग्दर्शक तुमच्याच भागातला ना हो?’ की आमच्या बॉयलरचं काहीतरी बिघडलेलं असतं. तीसेक वर्षं हे चाललं. तू गेल्याची बातमी आली तेव्हाही मी उठलो, बॉयलरच्या कपाटासमोर जाऊन उभा राहिलो. परत आल्यावर मात्र दुसरा विषय सुचला नाही.

म्हणून लिहितो आहे. मराठीत लिहितो आहे, कारण हे आमच्या मंडळाच्या अंकासाठी आहे, आणि ज्यांच्यापुढे मी तुला बदनाम केलं ती माणसं हाच अंक वाचतात. तुझ्या सिनेमांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. चॅपेलमधला तो नागडा नाच, भर मुलाखतीत बूट काढून टेबलावर ठेवणं, हे सगळं ते लिहितीलच. मला एका सिनेमातल्या थोड्याशा तुकड्याबद्दल लिहायचं आहे. पाठमोरा माणूस, समोर नदी आणि एक कावळा.

मी या देशात आलो तेव्हा आमच्या रंगाच्या माणसाला खोली द्यायला कुणी राजी नसे. तुझ्या आईनं दार उघडलं, माझ्या ओल्या बुटांकडे पाहिलं आणि म्हणाली, ‘आत ये डक, पण बूट तिथंच काढ.’ नॉटिंगहॅमच्या आसपास सगळ्यांनाच डक म्हणतात हे मला नंतर कळलं. तेव्हा वाटलं, आपण भिजलेले दिसतोय म्हणून म्हणाली. आमच्याकडेही बूट बाहेरच काढतात, असं मी सांगितलं. ‘मग झालं तर,’ ती म्हणाली, ‘तू घरचाच.’

तू दिवसा फोटोच्या दुकानात काम करायचास आणि सुट्टीच्या दिवशी चावीचा सिनेकॅमेरा घेऊन गावभर हिंडायचास. रविवारी टेबलावर मी बटाटे आणि यॉर्कशायर पुडिंग खायचो, तू माझ्या वाटणीचं मटण खायचास, आणि आपण भांडायचो. तू म्हणायचास, लपवलेली गोष्ट सडते, उघडी करून दाखवली पाहिजे. मी तुला आमची म्हण सांगितली, झाकली मूठ सव्वा लाखाची.

‘आणि मुठीत काय असतं?’ तू विचारलंस.

‘ते कळू द्यायचं नाही, हाच तर मुद्दा आहे.’

‘म्हणजे रिकामी,’ तू म्हणालास, आणि तुझी आई इतकी हसली की तिला ठसका लागला.

हे भांडण आपण कधी संपवलं नाही. पुढं कधीही भेट झाली की तू आधी माझ्या मुठीकडे बघायचास.

त्या हिवाळ्यात बाबा गेल्याची सांगलीहून तार आली. जाणं शक्यच नव्हतं. नोकरी नवी होती आणि विमान आमच्यासारख्यांसाठी नव्हतं. मी तुला म्हटलं, आमच्यात मुलगा डोकं करतो, दहाव्याला नदीवर पिंड ठेवतो. डोकं करतो म्हणजे काय, ते हातानं दाखवलं. तू वर गेलास आणि वस्तरा घेऊन आलास. तो तुझ्या वडिलांचा होता. चॅपेलमध्ये उपदेश करणारे तुझे वडील त्याच वर्षी वारले होते, आणि त्यांच्या अंत्यविधीला तू रडला नाहीस म्हणून आई तुझ्याशी धड बोलत नव्हती. मागच्या अंगणात स्टुलावर बसवून तू माझं डोकं भादरलंस. कानामागं कापलंस. ‘सॉरी, व्हॅस,’ म्हणालास. वसंत तुला कधी म्हणता आलं नाही. पण सॉरी तू किती सहज म्हणायचास.

तुझ्या आईच्या कपाटात पुडिंगचा, म्हणजे दुधातल्या खिरीचा तांदूळ होता, बुटका आणि चिकट. पिंडाला याहून चांगला तांदूळ मला सांगलीतसुद्धा मिळाला नसता. मी भात शिजवत होतो तर ती जायफळाची डबी घेऊन शेजारी उभी. ‘थोडं किसू का, डक? नुसताच कसा खातील?’ बाबांना काय आवडायचं, असंही तिनं विचारलं. मी म्हटलं, चहात बुडवून बिस्किट. तिनं दोन बिस्किटं रुमालात बांधून दिली.

कॅमेरा आणि टेपरेकॉर्डर आणू का, हे तू आदल्या दिवशीच विचारलं होतंस. मी हो म्हणालो. आईला कधीतरी दाखवता येईल असं मनात होतं. फक्त तोंड दिसायला नको, असं मी म्हणालो. ‘तोंड नाही,’ तू म्हणालास. हे दोन शब्द तू शेवटपर्यंत पाळलेस, म्हणून इथं लिहून ठेवतो.

ट्रेंट नदीच्या काठावर धुकं होतं. पिंड ठेवला, बाजूला बिस्किटं ठेवली. आधी बदकं आली. मी हाकलली.

‘बदक चालत नाही?’

‘नाही.’

‘तो हंस बघ किती रुबाबदार आहे.’

‘हंस नाही. कावळाच लागतो.’

‘तुझे बाबा फार शिष्ट होते का रे?’

बाबा गेल्यापासून मी पहिल्यांदा हसलो. मग कावळा आला आणि कठड्यावर बसून राहिला. खाली उतरेना. तू हळूच विचारलंस, ‘त्याला काय हवंय?’ मी म्हटलं, गेलेल्याची काही इच्छा राहिली असेल तर कावळा शिवत नाही. ती मी पुरी करीन असं मोठ्यानं म्हणावं लागतं.

‘मग म्हण.’

‘इच्छा मला ठाऊक आहे. मी परत यावं ही. पण मला जायचं नाहीये, डेनिस.’

तू कॅमेऱ्यापासून डोळा बाजूला घेतलास. ‘मग म्हणू नकोस. थांबू आपण. त्याला तरी कुठं जायचंय?’

तू थांबायला तयार होतास. मला मात्र थांबवेना. गारठ्यानं डोकं दुखत होतं, लोक बघत होते. मी हात जोडले आणि म्हणालो, ‘बाबा, मी परत येतो. आईला एकटीला ठेवणार नाही. शिवा आता.’

कावळा उतरला आणि शिवला. मला खरंच हलकं वाटलं, हे सांगायची सगळ्यात जास्त लाज वाटते. परत येताना बसमध्ये तू अर्थ विचारलास, मी सांगितला. घराशी आल्यावर तू विचारलंस,

‘मग, जाणार?’

‘नाही.’

‘बरं,’ एवढंच तू म्हणालास.

मी गेलो नाही. आईला दर वर्षी ‘पुढच्या वर्षी’ असं कळवत राहिलो. मधे लग्नापुरता गेलो, सुलभाला घेऊन परत आलो आणि नोकरीसाठी दुसऱ्या गावात, इथं, घर केलं. आई दोन खोल्यांत एकटी राहिली, शेजारणींच्या आधारानं, आणि तशीच गेली. इथं मंडळात मी सगळ्यांना सांगितलं होतं की आईच म्हणाली, ‘तू तिकडंच राहा, माझी काळजी करू नकोस.’ सुलभालाही हेच सांगितलं होतं. आई असं कधीही म्हणाली नव्हती. तिच्या नावानं मी मंडळात मुलांसाठी पाठांतराचं बक्षीसही ठेवलं. बक्षीस देताना मी तिचं ते वाक्य पुन्हा सांगायचो आणि बायका पदर डोळ्यांना लावायच्या.

तोवर तुझं नाव झालं होतं. पबमध्ये बसवून तू मला विचारलंस, ‘तो नदीवरचा तुकडा वापरू का? माझ्या सिनेमातल्या मुलाला बापाच्या शवपेटीपुढं काही बोलता येत नाही. तुला आलं होतं.’

‘मला खोटं बोलता आलं होतं.’

‘तरी तू त्यांच्याशी बोललास. मला तेवढंही जमलं नाही.’

वापर, मी म्हणालो. इंग्लंडात मराठी कोण ऐकतंय? तू म्हणालास, शब्दांचं भाषांतर पडद्यावर देणार नाही, ते तुझं आणि तुझ्या बाबांचं आहे.

मराठी ऐकणारे निघाले. आमच्या गावात सिनेमा लागणार असं ठरलं आणि मंडळाच्या बैठकीत आमचे अध्यक्ष केळकर उभेच राहिले. ‘वसंतराव, ऐकलंत का? इंग्लिश पिक्चरमध्ये मराठी! अगदी शुद्ध! माझ्या लंडनच्या मेव्हण्यानं स्वतः ऐकलंय. कुणीतरी बापाचं पिंडदान करतोय म्हणे. आपण सगळे मिळून जायचं.’

‘अहो, पण त्यात नागडी माणसं आहेत म्हणतात,’ जोशीबाई म्हणाल्या.

‘तेवढ्यापुरते डोळे मिटा. कान उघडे ठेवायचे.’

सगळे हसले. सुलभा म्हणाली, मी येताना डबे करून आणते. त्या रात्री मला झोप लागली नाही. तू माझं तोंड दाखवलं नव्हतंस, पण मंडळात तो आवाज कोण ओळखणार नाही? दर कार्यक्रमाला आभार मीच मानायचो.

गावात कुठला सिनेमा लागू द्यायचा हे इथली कौन्सिल ठरवू शकते, हे तेव्हा मला माहीत झालं. चॅपेलवाल्यांनी आधीच तक्रार केली होती. पण नुसत्या नागडेपणावर बंदी घातली तर लंडनचे पेपर आपल्याला खेडवळ म्हणून हसतील, अशी कमिटीला भीती होती. त्यांना प्रतिष्ठित कारण हवं होतं. ते मी नेऊन दिलं. टाय लावून, हिंदू समाजाचा प्रतिनिधी म्हणून गेलो आणि म्हणालो, ‘या चित्रपटात आमच्या अंत्यविधीची थट्टा केली आहे. आमच्या भावना दुखावल्या आहेत.’

कमिटीतल्या एका बाईंनी विचारलं, ‘तुम्ही तो पाहिलात का?’

‘काही गोष्टी पाहवत नाहीत, मॅडम,’ मी म्हणालो. चेअरमननं समजूतदारपणे मान हलवली. मी सिनेमा पाहिलेला नव्हता.

बंदी आली. आमचं बघून आणखी काही गावांनी घातली. पेपरांनी लिहिलं की हा दिग्दर्शक गरीब परदेशी माणसाच्या शोकाची टिंगल करतो. केळकरांनी मंडळात माझा सत्कार केला. ‘आपल्या धर्मासाठी वसंतराव गोऱ्यांपुढं उभे राहिले!’ नारळ आणि शाल मिळाली. आम्ही सिनेमाला गेलो नाही. झाकली मूठ शाबूत राहिली.

तू सगळ्यांना उत्तरं द्यायचास, डेनिस. पाद्र्यांना दिलीस, समीक्षकांना दिलीस, एका खासदाराला तर तू टीव्हीवर असं बोललास की त्यानं पाणी मागितलं. या एका आरोपावर तू कधी अक्षर बोलला नाहीस. उत्तर द्यायचं तर ती पाठ कुणाची ते सांगावं लागलं असतं. माणसांची थट्टा करणारा, ही खूण तुझ्या नावाला चिकटली ती चिकटलीच. पुढची किती वर्षं तू साबणाच्या जाहिराती केल्यास, हे तुझ्या आईकडून मला कळत होतं. मी तिला नाताळचं कार्ड पाठवायचो. तेवढंच.

तुझी आई गेली तेव्हा चॅपेलच्या हॉलमध्ये तू मला गाठलंस. हातात कपबशी होती. मला वाटलं, आता सगळ्यांदेखत बोलशील. तू नेहमी सगळ्यांदेखतच बोलायचास. पण अगदी जवळ येऊन म्हणालास, ‘व्हॅस, मला सांगितलं असतंस तर मी तो तुकडा कापला असता.’

फुटभर फिल्मसाठी निर्मात्यांशी कोर्टात भांडलेला माणूस तू. त्या क्षणी मी काय म्हणालो, आठवतं? मी म्हणालो, ‘अजून चहा आणू का तुला?’

‘आण,’ तू म्हणालास. ‘दोन चमचे साखर.’ मी चहा आणला. तू प्यायलास.

आता माझ्या नातीबद्दल. ईशा मँचेस्टरला सिनेमाच शिकते. दोन वर्षांपूर्वी सुट्टीत घरी आली, लॅपटॉप टेबलावर ठेवला आणि म्हणाली, ‘आजोबा, मला हेल्प करा ना. हे मराठी आहे ना? ह्याच्यावर एसे आहे. सगळे म्हणतात की तो डिरेक्टर फार वाईट होता, त्या माणसाला वापरला. पण तो माणूस काय बोलतो ते कुणालाच नाही कळत.’

तो सिनेमा मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. धुकं, कठडा, माझी भादरलेली पाठमोरी टाळू आणि कानामागं तू केलेली जखम. मग माझा आवाज. लगेच पुढं तुझा तो मुलगा चॅपेलमध्ये शवपेटीपाशी उभा असतो. ओठ हलतात, आवाज येत नाही. पुन्हा मी, पुन्हा तो. थट्टा कुठंच नव्हती. माझ्या खोट्या बोलण्याकडेसुद्धा तू हेव्यानं पाहिलं होतंस.

सुलभा स्वयंपाकघरातून ओल्या हातांनी दारात आली. ‘मोठा कर जरा,’ ती ईशाला म्हणाली. ईशानं पुन्हा लावलं. ‘बाबा, मी परत येतो. आईला एकटीला ठेवणार नाही.’ सुलभानं पूर्ण ऐकलं आणि आत गेली. कुकरची शिट्टी झाली.

‘कोण होता हा, आजोबा?’

‘असेल कुणीतरी,’ मी म्हणालो. ‘प्रार्थना म्हणतोय.’ ईशानं ते तसंच लिहिलं. तिला चांगले मार्क मिळाले.

रात्री जेवताना सुलभा ताटाकडे बघत म्हणाली, ‘अहो, आवाज चांगला होता तुमचा तेव्हा.’ त्या वर्षीपासून आईच्या नावाच्या बक्षीस समारंभाला ती मंडळात आली नाही.

तू आजारी असल्याचं कळलं तेव्हा गाडी काढायला तिनंच मला भाग पाडलं. नॉटिंगहॅमला हॉस्पिटलमध्ये येईपर्यंत प्रत्येक राउंडअबाउटला मी एकच वाक्य घोकत होतो. तू उशांना टेकून बसला होतास, अर्धा झाला होतास. नर्सनं विचारलं, ‘फ्रेंड?’

‘लॉजर,’ तू म्हणालास. ‘माझ्या आईचा भाडेकरू. मटण सोडून सगळं खायचा.’

मग तू खिडकीकडे बोट केलंस. खाली कार पार्कच्या भिंतीवर एक कावळा बसला होता. ‘बघ, आला,’ तू म्हणालास. ‘त्याला काय हवंय, व्हॅस?’

दार तू उघडून दिलं होतंस, नेहमीसारखं. वाक्य माझ्या जिभेवर होतं. मी घड्याळाकडे बघितलं आणि म्हणालो, ‘पार्किंगची वेळ संपत आली.’

तू हसलास. माझ्या हाताकडे बघितलंस. ‘मूठ अजून झाकलेलीच?’

‘पुढच्या आठवड्यात येतो,’ मी म्हणालो. मी येतो म्हणतो त्याचा अर्थ काय, हे या देशात फक्त तुला माहीत होतं. तू मान डोलावलीस.

तुझ्यावरच्या मृत्युलेखांत तो आरोप पुन्हा छापून आला आहे. परदेशी माणसाच्या शोकाची थट्टा. सुलभानं पेपर घडी करून ठेवला आणि म्हणाली, ‘तुमचा मित्र होता ना? नदीवर भात ठेवून या.’ तिनं पुडिंगचा तांदूळ आणून ठेवला आहे. मी तिला त्या तांदळाबद्दल कधी सांगितलं नव्हतं. इथल्या दुकानात तोच मिळाला असेल. मी गेलो नाही. कावळा फसतो, हे मी पाहिलं आहे. त्याच्यासमोर मी पुन्हा काही बोललो तर ते कुणी खरं मानू नये.

त्याऐवजी काल ईशाला फोन केला आणि इथपर्यंतचं सगळं वाचून दाखवलं. तिला मराठी वाचता येत नाही, ऐकून कळतं. मग ती म्हणाली, ‘आजोबा, तो तुम्ही होता?’

‘हो.’

‘आणि त्यांनी कुणालाच नाही सांगितला?’

‘नाही.’

‘आणि तुम्ही सॉरी म्हटला? हॉस्पिटलमध्ये?’

‘पार्किंग संपत आलं होतं,’ मी म्हणालो. बॉयलर या वेळी ठीक चालला होता.

गाडीत घोकलेलं वाक्य इंग्रजीत होतं. मराठीत ते असं होईल: डेनिस, माझ्या बापाची थट्टा तू केली नव्हतीस, त्या नदीवर ती मी केली, आणि झाकायला तुझं नाव वापरलं. सॉरी.